मराठी शाळांच्या इतिहासातले एक पान का काढले? दालन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
मराठी शाळांच्या इतिहासाचे दालन उभारणारी समिती

विषय : मिशन शाळांचा फलक वगळण्याच्या निर्णयाबाबत

सस्नेह नमस्कार.

मिशन शाळांवरचा फलक दालनातून वगळल्याचे आपले पत्र मिळाले. ‘विषय वादग्रस्त असून अभ्यागतांच्या भावना दुखावण्याची शक्यता आहे’ एवढेच कारण त्यात दिले आहे. हा मजकूर आपणच माझ्याकडून लिहून घेतला होता. त्यामुळे मला खासगीत उत्तर देता आले असते. पण हे दालन लोकवर्गणीतून उभे राहते आहे आणि कितीतरी निवृत्त शिक्षकांनी आपल्या पेन्शनीतून त्यात पैसे घातले आहेत. आपल्या पैशांतून काय दाखवले जाणार आणि काय झाकले जाणार, हे त्यांनाही कळायला हवे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी माझा संबंध सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गावर. मी ख्रिस्ती नाही. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत बाराखडी शिकली. माहेर-सासर दोन्हीकडे अक्षर वाचता येणारी ती पहिली बाई. गावात लोकल बोर्डाची, म्हणजे सरकारी, शाळा होती, पण आमच्या वस्तीतल्या मुलांना तिथे ओसरीच्या बाहेर बसवत आणि मुलींचा तर विषयच निघत नसे. मिशनच्याच शाळेत शिकलेल्या तिच्या थोरल्या भावाने पुढे बाप्तिस्मा घेतला. बापाने त्याला परत उंबऱ्याच्या आत घेतले नाही, आणि बाप गेला तेव्हा त्याने खांदा दिलेलाही भावकीला चालला नाही. आजी रोज पोथी वाचायची ती त्या शाळेत शिकली म्हणून, आणि भावाचे नाव निघाले की गप्प व्हायची तीही त्या शाळेपायीच. मिशनच्या शाळांनी काय दिले आणि बदल्यात काय मागितले, हे दोन्ही आमच्या घरात घडले आहे. मजकूर लिहिताना मी मिशनऱ्यांची आरती ओवाळली नाही आणि त्यांच्यावर आरोपपत्रही ठेवले नाही. आपण तो पुन्हा एकदा वाचलात तर हे आपल्याच लक्षात येईल.

आता माझ्या हरकती.

पहिली हरकत कालरेषेवर आहे. प्रवेशद्वारापाशी लागणाऱ्या कालरेषेचा नमुना मी पाहिला. त्यात पेशवाईच्या अखेरच्या पंतोजींच्या शाळा आहेत, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब आहेत आणि त्यानंतर एकदम १८४८, म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची पुण्यातल्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा येते. मधल्या काळात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत, कोकणात, पुण्यात आणि नगरला ज्या शाळा काढल्या त्यांचा मागमूसही उरलेला नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेचे युद्ध चालू होते आणि कंपनी सरकारला हे पाहुणे मुळीच नको होते. त्यांना परत धाडायचे हुकूम निघाले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सबुरीने घेतले, म्हणून ते राहिले. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी केली. तिच्यात मिशनऱ्यांना या देशात यायची मुभा मिळाली आणि शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवायचे ठरले. या दोन गोष्टी एकाच कायद्यात आल्या हे ध्यानात घ्या. पुढची चाळीस वर्षे सरकार आणि मिशन एकमेकांकडे कधी आशेने, कधी संशयाने पाहत राहिले त्याची सुरुवात इथे आहे.

१८१५ मध्ये या मंडळींनी मुंबईत शाळा काढली. शिकवायला माणसे कुठून आणणार? जी होती ती इथलीच. हिंदू पंतोजी होते, बेने इस्राएल, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे यहुदी, मास्तर होते. म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे आणि दहा आज्ञा मुलांकडून घोकून घेणारे मास्तर स्वतः ख्रिस्ती नव्हते! महिनाअखेर पगार घ्यावा आणि घरी जाऊन आपला धर्म पाळावा, असा तो व्यवहार. आजही वरून आलेले परिपत्रक वाचून दाखवताना मास्तरांचा चेहरा जसा असतो तसाच तेव्हाही असेल, असे मला आपले वाटते.

मिशनचा छापखानाही याच सुमारास मुंबईत सुरू झाला. मराठी पुस्तके त्यावर निघू लागली. छापलेले पुस्तक मुलाच्या हातात पडणे ही पंतोजीच्या शाळेत नसलेली गोष्ट होती. तिथे धूळपाटी, मोडी, पाढे आणि तोंडी हिशेब, आणि त्या कामात ते पंतोजी पक्के होते. मिशनच्या छपाईचे पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग शिळाछापावर छापले. येशूच्या चोपड्यांमुळे पंचांग छापले गेले, ही गंमत दालनात आलेल्या मुलांना सांगायला काय हरकत होती?

तरीही मी मजकुरात कुठेही ‘मिशनऱ्यांनी शिक्षण आणले’ असे लिहिलेले नाही. त्याआधी इथे शाळा होत्या. १८२० च्या दशकात सरकारने केलेल्या पाहणीत गावोगावच्या शाळांची नोंद आहे. फक्त त्या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्यांची मुले नव्हती. नवे काही झाले असेल तर ते या दोन जागांवर झाले, आणि आपल्या कालरेषेत नेमक्या त्याच दोन जागा कोऱ्या आहेत.

दुसरी हरकत भिडे वाड्याच्या फलकावर आहे, आणि ती मांडताना मला जपून लिहावे लागते, कारण सावित्रीबाईंबद्दल कुणी काही बोलले की लगेच सरसावून उठणाऱ्यांपैकी मी स्वतः एक आहे. फलकावर ‘देशातील मुलींची पहिली शाळा’ असे लिहिले आहे. हे खरे नाही आणि सावित्रीबाईंना त्याची गरजही नाही. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती. १८२९ मध्ये पती जॉन विल्सन यांच्याबरोबर आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३५ मध्ये इथेच देह ठेवला. कलकत्त्याकडे तर त्याच्याही आधीपासून मुलींच्या मिशन शाळा होत्या.

त्याच फलकावर पुढे म्हटले आहे की सावित्रीबाईंनी ‘एका परदेशी बाईंकडे’ प्रशिक्षण घेतले. त्या बाईंना नाव आहे. सिंथिया फॅरार. अमेरिकन बोर्डाने, म्हणजे अमेरिकेतून मिशनरी धाडणाऱ्या संस्थेने, परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. १८२७ च्या अखेरीस ती मुंबईत आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये वारली. उभे आयुष्य तिने इथल्या मुलींच्या शाळांत घालवले. जोतीरावांनी नगरला जाऊन तिच्या शाळा पाहिल्या आणि त्या पाहून आपल्याला पुण्यात शाळा काढावीशी वाटली, हे त्यांनी स्वतः ‘ज्ञानोदय’ मध्ये १८५३ साली सांगून ठेवले आहे. जोतीरावांना ज्या बाईंचे नाव घेताना संकोच वाटला नाही, त्यांचे नाव घेताना आपल्या समितीला का वाटावा? नगरच्या फॅरार बाई आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलच्या, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेच्या, मिचेल बाई, ही दोन्ही नावे सावित्रीबाईंच्या चरित्रांत येतात. दालनात मात्र ‘एक परदेशी बाई’.

थोडे मागे जाऊ. जोतीरावांना लहानपणी शाळेतून काढले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत काढली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. एका माळ्याच्या मुलासाठी एक मुसलमान मुनशी आणि एक ख्रिस्ती साहेब रदबदली करतात, तो मिशनच्या शाळेत शिकतो आणि पुढे ख्रिस्ती न होता बुधवार पेठेत, सनातन्यांच्या नाकासमोर, मुलींची शाळा काढतो. ही हकीकत पूर्ण सांगितली की जोतीराव लहान होतात की मोठे? मिशनरी शाळांतून शिकलेल्यांना बाप्तिस्म्याचे दार कायम उघडे होते. जोतीरावांनी अक्षरे घेतली, प्रश्न विचारायची सवय घेतली, आणि बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो आपल्या स्वतःच्या पायावर. त्यांच्या शाळेत बायबल नव्हते, आणि ती काढायला बोटीतून कुणी आले नव्हते, गावातलेच दांपत्य पुढे झाले होते. १८४८ चे मोठेपण इथे आहे. पण आधी मिशनची शाळा होती हे सांगितल्याशिवाय ते मोठेपण मुलांना कळणार कसे?

मुक्ता साळवेचा निबंध आपण एका फलकावर ठळक छापला आहे, त्याबद्दल मनापासून आभार. फुले दांपत्याच्या शाळेतल्या त्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये कुठे छापून आला, ते मात्र फलकावर नाही. तो ‘ज्ञानोदय’ मध्ये आला, म्हणजे नगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेल्या पत्रात. मिशन वगळायचे ठरवले की अशी फुली मारत मारत कुठपर्यंत जावे लागते पाहा.

तिसरी हरकत एल्फिन्स्टन यांच्या फलकावर आहे. ‘सरकारने शिक्षणाची दारे सर्वांना खुली केली’ हे वाक्य कुठून आले? एल्फिन्स्टन मोठे प्रशासक होते, मराठी पाठ्यपुस्तकांच्या कामाला त्यांनी हात दिला, हे सगळे कबूल. पण १८२३ च्या त्यांच्या शिक्षणविषयक टिपणात त्यांनी जे लिहिले तेही सांगायला हवे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतले विद्यार्थी उत्तम वाटतात, असे ते नोंदवतात. आणि लगेच बजावतात की अशा लोकांना खास उत्तेजन देताना सावध राहायला हवे. शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर वरचे लोक त्याला हात लावणार नाहीत आणि ते पुढे पसरणारच नाही, असा त्यांचा हिशेब. सरकार धर्मात ढवळाढवळ करणार नाही हे धोरण ऐकायला शहाणपणाचे आहे. व्यवहारात त्याचा अर्थ जातीत ढवळाढवळ करणार नाही असाही झाला.

त्याचा दाखला १८५६ मध्ये धारवाडला मिळतो. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळेने नाकारला, तेव्हा त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने मान्य केले की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे. आणि तरी प्रवेश दिला नाही, कारण एका मुलासाठी बाकीच्या सगळ्यांना शाळा निरुपयोगी करून ठेवायची तयारी नव्हती. पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे पटले नाही, आणि १८५८ मध्ये कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत असा निर्वाळा दिला. कागदावर. माझ्या आजीच्या गावात पन्नासेक वर्षांनीही ओसरीच होती. या काळात अशा मुलाला आत घेऊन बसवणारी शाळा बहुधा मिशनची असे. तिथेही सगळे सरळ नव्हते. वरच्या जातींची मुले टिकावीत म्हणून मिशनरीही बरीच वर्षे जातीपुढे वाकले, आणि तेही मी मजकुरात लिहिले होते.

धारवाडच्या मुलाचा फलक आपण ‘जागेअभावी’ काढला आहे. एल्फिन्स्टन यांच्या तैलचित्राच्या प्रतीला आख्खी भिंत दिली आहे. आणखी काय बोलू?

चौथी हरकत कदाचित आपल्यालाच आश्चर्याची वाटेल. मिशनऱ्यांची बाजू काढताना आपण त्यांच्याविरुद्धची बाजूही काढून टाकली. मिशन शाळांत बायबलचा पाठ सक्तीचा असे, इथल्या देवधर्माची टवाळी पुस्तकांतून आणि तोंडी होई, आणि मुलाने धर्म बदलावा हा हेतू कुणी लपवतही नसे. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज कोर्टात गेला आणि शाळेचे वर्ग रिकामे झाले. १८४३ मध्ये नारायण आणि श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण भावांचे प्रकरण झाले. नारायण ख्रिस्ती झाले. धाकटा श्रीपत अजाण होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले, पण मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या मुलाला जात परत घेईना. त्याला शुद्ध करून घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ज्यांना आपण ‘दर्पण’कार म्हणून दालनात मानाचे स्थान दिले आहे, त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड लढाई मिशन शाळेमुळे उभी राहिली. ती नसेल तर बाळशास्त्री म्हणजे फक्त एक तारीख आणि एक पागोटे.

एक पोर शाळेत शिकायला जाते आणि कोर्टात जाऊन पोचते, यात आईबापांना काय वाटले असेल? मला यात मिशनऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटत नाही. आजीच्या बापाचा राग मला अन्यायाचा वाटतो, पण तो कुठून आला हे समजते. आणि थोरले नारायण शेषाद्री पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत काढून मांग-महारांत काम करत राहिले, हेही तितकेच खरे. एका घरातल्या दोन भावांचे असे होते. कुणाच्या बाजूने निकाल द्यायचा ते दालनात आलेल्या माणसाला ठरवू द्या.

या धास्तीतूनच आपल्या लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. १८४९ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या शिकलेल्या तरुणांच्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यात होते आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. मुली शिकल्या पाहिजेत, पण त्या बायबल न वाचता, हा विचार त्यामागे होता. मिशनचा धसका नसता तर हे इतक्या लवकर झाले असते, असे मला वाटत नाही.

पाचवी गोष्ट हरकत म्हणण्यापेक्षा विचारणा आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याचा, म्हणजे लंडनहून आलेल्या शिक्षणधोरणाच्या पत्राचा, फलक आहे, पण तो कलमांची यादी झाला आहे. आजच्या अनुदानित शाळेचे मूळ त्या खलित्यात आहे, हे शिक्षकांना तरी सांगायला हवे होते. खासगी संस्थेने शाळा चालवावी, सरकारने तपासणी करून अनुदान द्यावे आणि त्या संस्थेच्या धर्मशिक्षणाकडे तपासनिसाने पाहूच नये, ही तडजोड तिथे झाली. मिशनच्या शाळांना पैसा तर मिळावा, पण सरकारने धर्मप्रसार केला असे दिसू नये, ही त्यातली अडचण होती. सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही, मात्र ग्रंथालयात बायबल असू द्यावे आणि मुलाने आपण होऊन विचारले तर मास्तराने शाळेच्या वेळेबाहेर सांगावे, इतक्या बारकाव्यापर्यंत खलिता जातो. पुढे शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगापुढेही हा प्रश्न आला. उच्च शिक्षणातून सरकार बाहेर पडले तर ते मिशनऱ्यांच्या हाती जाईल, ही भीती लोकांनी बोलून दाखवली. तसे होऊ नये, असे आयोगानेच म्हटले. प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे सोपवायच्या ठरल्या, आणि त्याच वाटेने १९६२ मध्ये आपली जिल्हा परिषद आली. जोतीरावांनी याच आयोगापुढे निवेदन देऊन सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. अनुदानित शाळेत नोकरी केलेल्या निम्म्या महाराष्ट्राला आपल्या पगारपत्रकाचा हा उगम माहीत नाही. दालनाचा उपयोग यासाठी नाही तर कशासाठी?

आता भावनांबद्दल. समितीतील एका सदस्यांनी फोनवर मला समजावले, ‘ताई, हल्लीचे दिवस पाहता, उगाच धर्मांतराचा विषय कशाला?’ त्यांचा हेतू वाईट नाही, हे मी जाणते. कुणी गोंधळ घातला, दगड मारला तर काच आपल्या वर्गणीची फुटणार. पण धर्मांतराचा विषय आहे म्हणून फलक काढायचा असेल, तर बाळशास्त्रींनाही काढा, पंडिता रमाबाईंना काढा, आणि जखमी पाखराची ती कविता आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली, त्या रेव्हरंड टिळकांनाही काढा. कुणीच उरणार नाही. ज्यांची मने दुखावतील अशी आपल्याला भीती आहे, त्यांच्याही आज्या-पणज्यांपैकी कुणीतरी कुठल्यातरी मिशनच्या बाकावर बसलेली असणार. त्यांना विचारून तरी पाहा.

आणि आमच्या ख्रिस्ती मित्रांनाही एक सांगायचे आहे. फलक वगळल्यावर त्यांच्यापैकी काहींनी स्वतंत्र, मोठा, रंगीत फलक देऊ केला, त्यात फक्त सेवेचा आणि त्यागाचा गौरव होता. तोही मला नको आहे. पटकीने, तापाने, वयाच्या तिशी-चाळिशीत मेलेली ती माणसे खरोखर कष्टाळू होती. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेले. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण श्रीपत शेषाद्रीला वगळून लिहिलेला गौरव मी सही करून देणार नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. मिशन शाळांचा फलक कालरेषेत १८१५ ते १८५४ च्या जागी लावावा. मजकूर लांब वाटत असेल तर मी कमी करून देईन, पण शाळा, छापखाना, मुलींचे शिक्षण आणि धर्मांतराची प्रकरणे हे चारही भाग राहिले पाहिजेत. दोन ठेवून दोन काढले, तर माझे नाव त्यावर नको.

२. भिडे वाड्याच्या फलकावरचे ‘देशातील मुलींची पहिली शाळा’ हे शब्द बदलावेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काय केले, कुणाच्या विरोधात केले आणि कुणाची मदत घेऊन केले, ते सरळ लिहावे. सिंथिया फॅरार यांचे नाव आणि मुक्ता साळवेच्या निबंधाखाली ‘ज्ञानोदय’ चे नाव घालावे.

३. धारवाडच्या मुलाचा फलक परत आणावा. जागा हवी असेल तर तैलचित्र लहान करावे.

४. जुन्या मिशन शाळांची जनरल रजिस्टरे, हजेरीपट आणि तपासणी शेरेबुके आज गोदामांत आणि कपाटांत पडून आहेत. काही शाळा बंद झाल्या, तिथली रद्दीत गेली. समितीने या संस्थांना लेखी विनंती करून कागदांची छायाचित्रे काढून घ्यावीत. गावातली कुठली मुलगी कधी शाळेत आली, कुठल्या जातीची, बाप काय करायचा, ती कधी आणि का सोडून गेली, हे त्या रकान्यांत असते. दालनातले सगळ्यात मोलाचे कागद हेच ठरतील. हे काम करायला मी आणि माझ्या ओळखीच्या काही निवृत्त शिक्षिका तयार आहोत, फुकट.

५. कुठला फलक का घेतला आणि का वगळला, याची टिपणे वर्गणीदारांना पाहायला मिळावीत.

दालनाचे उद्घाटन पुढच्या सत्रात करायचे घाटते आहे, असे कळते. फलक छपाईला जायच्या आधी, समितीच्या येत्या बैठकीत हे पत्र ठेवावे आणि जे ठरेल ते मला लेखी कळवावे. बैठकीत येऊन बोलायची माझी तयारी आहे. मूळ मजकुराची एक प्रत या पत्रासोबत पुन्हा जोडली आहे, आधीची गहाळ झाली असेल तर अडचण नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि दालनाची वर्गणीदार